घड्याळ चौकटीत राहू द्यावे का? : प्रवासातील छायाचित्रे आणि रोजचे जगणे

पायवाट (धागाकर्ता)

एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकाराने उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची चित्रे काढण्यात आयुष्याची जवळजवळ तीन दशके घालवली आणि १९०७ ते १९३० या काळात त्यांचे वीस खंड प्रसिद्ध केले. त्यात १९१०च्या सुमाराचे एक चित्र आहे. पिगन जमातीचे दोघे जण, बाप आणि मुलगा, आपल्या निवासात बसलेले आहेत आणि त्यांच्या भोवती नित्याच्या वस्तू मांडलेल्या आहेत. मूळ निगेटिव्हवर या दोघांच्या मधोमध एक गजराचे घड्याळ स्पष्ट दिसते. ग्रंथात छापलेल्या चित्रातून ते पुसून टाकलेले आहे. ही जमात मावळत चालली आहे, तिचे जुने रूप नाहीसे होण्यापूर्वी टिपून ठेवले पाहिजे, अशी कर्टिसची धारणा होती, आणि ते घड्याळ या धारणेच्या आड येत होते. माझ्या मते त्या चित्रातील सर्वांत बोलकी वस्तू नेमकी तीच होती, कारण ही माणसे छायाचित्रकाराच्याच काळात जगत होती, हे सांगणारे दुसरे काहीही त्या चौकटीत नव्हते.

आज निगेटिव्हवर हात चालवण्याची गरज उरलेली नाही. परमुलुखात गेलेला छायाचित्रकार एक पाऊल डावीकडे सरकतो आणि छपरावरची डिश अँटेना खांबामागे जाते. तो थोडा खाली वाकतो आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या चौकटीबाहेर राहतात. म्हातारीच्या हातातला मोबाइल ती खाली ठेवीपर्यंत तो वाट पाहतो. यातले काहीही खोटे नाही आणि कोणत्याही संपादकाला त्यात आक्षेपार्ह काही सापडणार नाही. पण अशी शंभर चित्रे एकत्र लावली, की त्यांतून तयार होणारा देश अस्तित्वातच नसतो. तेथे रंगीत कपडे, सुरकुतलेले चेहरे, धूर आणि तिरपा प्रकाश असतो. वीजबिल, शाळेचा गणवेश, बसचा पास आणि फुटबॉल संघाची जर्सी मात्र नसते. प्रवासवर्णनांच्या मासिकांतून आणि आता समाजमाध्यमांतून ‘संस्कृती’ या नावाने जे समोर येते, त्याचा बराच मोठा भाग या वगळण्यातून आलेला असतो, असे माझे मत आहे.

याच्या उलट टोकाला मी आल्बेर कान या फ्रेंच बँकमालकाचा उपक्रम ठेवीन. १९०९ ते १९३१ या काळात त्याने पदरच्या पैशाने छायाचित्रकारांना सुमारे पन्नास देशांत पाठवले आणि ऑटोक्रोम पद्धतीच्या सुमारे ७२,००० रंगीत काचपट्ट्या जमवल्या. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण काचेवर पसरून रंग पकडणारी ही पद्धत ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणली होती. तिला प्रकाश फार लागे आणि माणसांना काही काळ निश्चल उभे राहावे लागे, त्यामुळे या चित्रांत सहज टिपलेला क्षण जवळजवळ सापडतच नाही. तरीही त्यांत रोजचे जगणे आहे, आणि त्याचे कारण मला या कामाच्या प्रमुखात दिसते. जाँ ब्रून हा भूगोलाचा अभ्यासक होता आणि घरे, रस्ते, शेते यांवर माणसाने उमटवलेल्या खुणा हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. त्यामुळे दारात ताठ उभ्या राहिलेल्या माणसाइतकेच ते दार, ती भिंत आणि समोरचा चिखलही महत्त्वाचा ठरला. जागतिक मंदीत कानची संपत्ती बुडाली आणि काम थांबले. तो संग्रह आज पॅरिसलगतच्या बुलोन-बियांकूर येथील संग्रहालयात आहे.

सांगायचे ते एवढेच, की सहजता आणि सत्य या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. न सांगता टिपलेले चित्र खरे आणि उभे करून काढलेले चित्र बेगडी, ही विभागणी मला पटत नाही. चौकटीत काय राहू दिले, यावर ते अधिक अवलंबून असते. इतर सदस्य प्रवासात हा निर्णय कसा करतात, ते वाचायला आवडेल.

कृष्णधवल

लेख विचारपूर्वक लिहिला आहे, पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे. छायाचित्र म्हणजे पंचनामा नव्हे. चौकट घातली की निवड आली, आणि निवड आली की वगळणे आलेच. प्लॅस्टिकची खुर्ची चित्राचा तोल बिघडवत असेल, तर ती बाहेर ठेवणे हे छायाचित्रकाराचे कामच आहे. तेवढ्यावरून त्याने त्या देशावर अन्याय केला असे ठरत नाही. तुमचा नियम काटेकोरपणे पाळला, तर प्रत्येक चित्रात विजेच्या तारा आणि जाहिरातींचे फलक आणून बसवावे लागतील, आणि ‘हे पाहा, येथेही आधुनिकता आहे’ असे ओरडून सांगणारे चित्र त्या रम्य चित्राइतकेच ठरावीक साच्याचे होईल. गेल्या काही वर्षांत पारंपरिक वेशातल्या माणसाच्या हातात मोबाइल दाखवणाऱ्या चित्रांचा सुकाळ झालेला आपण पाहतोच आहोत.

सीमारेषा मी वेगळ्या जागी आखतो. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या अंकात आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले होते. ती फसवणूक होती, कारण त्या जागी उभा राहणारा कोणीही मनुष्य ते दृश्य पाहू शकला नसता. एक पाऊल डावीकडे सरकलेल्या माणसाला जे दिसते, ते मात्र खरोखर तेथे असते.

उंबरठा

दोघांच्या वादात मला एक तिसरी गोष्ट निसटताना दिसते, ती म्हणजे वेळ. घड्याळ चौकटीत ठेवायचे की नाही, हा प्रश्न बहुधा त्यालाच पडतो, जो त्या ठिकाणी अर्धा तास थांबून पुढे जाणार असतो. जो थांबतो त्याला चौकटी आपोआप बदललेल्या दिसतात.

मी परक्या शहरात गेलो की एखादे केशकर्तनालय गाठतो. तेथे मोठा आरसा असतो, दाराकडून एका बाजूचा उजेड येत असतो आणि गिऱ्हाईक हलू शकत नाही, हे तीन फायदे दुसरीकडे एकत्र मिळणे कठीण. पहिल्या भेटीत मी दाढी करून घेतो आणि कॅमेरा मांडीवर दिसेल असा ठेवतो. त्या भेटीत काढलेल्या चित्रांत सगळे माझ्याकडे पाहत असतात आणि कारागिराने वस्तरा अभिनय केल्यासारखा धरलेला असतो. पुन्हा जात राहिले की हळूहळू वेगळ्या गोष्टी दिसू लागतात. वस्तरा जबड्याखाली वळताना कारागीर आपली करंगळी उचलतो. आरशाच्या खालच्या कडेला चार्जरची वायर लोंबत असते आणि तिला तीन जणांचे फोन आळीपाळीने लागतात. बाकावर नंबर लावून बसलेला माणूस वर्तमानपत्राआडून आरशात स्वतःचीच हनुवटी न्याहाळत असतो. यातले काहीही मी शोधायला गेलो नव्हतो, आणि ती वायर वगळावी असे कधी मनातही आले नाही, कारण तोवर त्या जागेचा कारभार त्या वायरीभोवती चालतो हे कळले होते.

म्हणून नवशिक्यांना माझे सांगणे असते, की दहा गावे पाहण्याऐवजी एका गावातला एक चौक धरावा आणि तेथे सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर जावे. दुपारचा प्रकाश वाईट असतो हे प्रत्येक पुस्तक सांगते, पण माणसे दुपारीही जगतात. केवळ पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या छायाचित्रकाराच्या चित्रांत कामाचा दिवस कधी येतच नाही.

पायवाट

कृष्णधवल, मोबाइलवाल्या चित्रांचा साचा झाला आहे, हे मान्य. पण तुम्ही एकेका चित्राचा बचाव करत आहात आणि माझा आक्षेप संग्रहावर आहे. नॅशनल जिऑग्राफिकचेच उदाहरण पुढे नेतो. एप्रिल २०१८ च्या वंश या विषयावरील अंकासाठी त्यांनी जॉन एडविन मेसन या छायाचित्रणाच्या इतिहासकाराकडून स्वतःचीच जुनी दप्तरे तपासून घेतली आणि निष्कर्ष छापले. कॅमेरा किंवा इतर पाश्चात्त्य उपकरणे पाहून विस्मित झालेले ‘स्थानिक’ हा त्या जुन्या अंकांतील एक ठरलेला विषय होता, असे त्यात आढळले. प्रत्येक चित्र घडलेल्या प्रसंगाचे असेल. दशकानुदशके तेच प्रसंग निवडले गेले, हा दोष कोणत्याही एका चित्राकडे बोट दाखवून सिद्ध करता येत नाही, आणि म्हणूनच तो इतका टिकला.

उंबरठा यांच्या दुपारच्या प्रकाशाविषयीच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत.

अपर्चर_आठ

थोडे तंत्राविषयी लिहितो, कारण रोजच्या जगण्याची चित्रे बहुतेक वेळा तंत्र आडवे आल्यामुळे हुकतात.

पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २८ मिमीची लेन्स लावावी, अपर्चर (लेन्समधील छिद्राचा आकार) एफ/८ ठेवावे आणि फोकस हाताने अडीच मीटरवर पक्का करावा. मग साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंतचे सर्व काही पुरेसे रेखीव येते. शटर १/२५० सेकंद ठेवले की चालणारी माणसे थिजतात. मुले पळत असतील तर १/५०० लागते. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, कॅमेऱ्यावर सोडावा. एवढे केले की डोळ्याला कॅमेरा लावून फोकस जुळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि समोरच्याला आपल्यावर नेम धरल्यासारखे वाटत नाही. लांब पल्ल्याच्या लेन्सने रस्त्याच्या पलीकडून चेहरे टिपणाऱ्यांना माझा सौम्य विरोध आहे. त्या चित्रांत पार्श्वभूमी विरघळून जाते, आणि वर ज्या वायरीचे आणि खुर्च्यांचे वर्णन आले आहे, त्या आपोआप पुसल्या जातात. कर्टिसला जे हाताने करावे लागले, ते येथे लेन्सच करते.

मोबाइलने काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की मुख्य कॅमेऱ्याचा कोन बराच रुंद असतो आणि चौकटीच्या कडेला आलेला चेहरा ताणला जातो. माणूस मध्याच्या आसपास ठेवावा.

दुसरी गोष्ट प्रकाशमापनाची. कॅमेऱ्यातील मापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. सावळ्या किंवा काळ्या वर्णाचा माणूस पांढऱ्या भिंतीसमोर उभा असेल, तर मापक भिंतीला फसतो आणि चेहरा काळवंडतो. चेहऱ्यावर स्पॉट मापन करावे, म्हणजे फक्त तेवढ्याच जागेचा प्रकाश मोजावा, किंवा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे आणि भिंत पांढरी फटक झाली तर होऊ द्यावी. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा छपाईचे रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ वापरत, ज्यावर दीर्घकाळ केवळ गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. जगभरची माणसे टिपायला निघालेल्याने आपल्या साधनांची ही पार्श्वभूमी जाणून असावे.

साक्षीदार

परवानगीचा विषय अजून कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटले. लोक कायदा आणि शिष्टाचार एकाच वाक्यात उरकतात, पण त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

कायदा देशागणिक बदलतो. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क मरण पावल्यावर दोन छायाचित्रकारांनी त्याच्या निवासात घुसून मृतदेहाचे चित्र काढले आणि त्यातून उठलेल्या वादानंतर १९०७ मध्ये जर्मनीने कायदा केला. त्यानुसार व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही; मात्र एखाद्या स्थळाच्या चित्रात माणसे केवळ अनुषंगाने आली असतील किंवा चित्र सभेचे, मिरवणुकीचे असेल, तर सूट आहे. हंगेरीने २०१४ मध्ये लागू झालेल्या नागरी संहितेत चित्र काढण्यासाठीसुद्धा संमती आवश्यक केली. गर्दी आणि सार्वजनिक जीवनातील व्यक्ती यांना अपवाद ठेवला. याउलट न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकॉर्शिया याने टाइम्स स्क्वेअरवर लपवलेल्या दिव्यांच्या प्रकाशात अनोळखी पादचाऱ्यांचे चेहरे टिपले आणि ती चित्रे प्रदर्शनात मांडून विकली. त्यांतील एका वृद्धाने धार्मिक कारणास्तव हरकत घेऊन दावा लावला, परंतु २००६ मध्ये न्यायालयाने चित्र ही कलाकृती असल्याचे मान्य करून तो फेटाळला. तेच चित्र हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, काढले असते, तर छायाचित्रकाराची बाजू बरीच लंगडी ठरली असती. म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाचा नियम पाहणे हे व्हिसा पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

कायदा काहीही म्हणो, स्थानिकांचा संयम संपला की दारे बंद होतात. जपानमधील क्योतोच्या गिओन भागात गेइको आणि माइको या कलावतींचा पाठलाग करणाऱ्या पर्यटकांमुळे २०१९ मध्ये रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत चित्रे काढण्यास मनाई करणारे आणि १०,००० येन दंडाची सूचना देणारे फलक लावले. तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा २०२४ मध्ये काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. त्या कलावती चित्रासाठी उभ्या नसतात, त्या कामावर निघालेल्या असतात. रोजचे जगणे टिपायचे म्हणणाऱ्याने ते जगणाऱ्याची वाट अडवावी, यासारखा विरोधाभास नाही.

माझा स्वतःचा शिरस्ता असा आहे. माणूस एकटाच चित्राचा विषय असेल तर आधी विचारावे, निदान नजरेने आणि कॅमेरा किंचित उचलून. नकारार्थी हात हलला तर हसून पुढे जावे, वाटाघाटी करू नयेत. गर्दीतला क्षण असेल तर आधी टिपावे, मग जवळ जाऊन पडद्यावर दाखवावे आणि ‘काढून टाका’ असे म्हटले तर त्याच्या देखत काढून टाकावे.

झरोका

मुलांच्या बाबतीत मी साक्षीदार यांच्याहून कडक आहे. मूल हसून समोर आले, यास मी संमती मानत नाही. सोबतच्या मोठ्या माणसाने मान डोलावली तरच. आणि शाळेचे नाव, घराचा क्रमांक दिसत असेल, तर ते चित्र माझ्यापाशीच राहते.

कृष्णधवल

साक्षीदार, विचारल्यावर मिळणारे चित्र वेगळे असते, हे तरी मान्य कराल ना? मनुष्य केस सारखे करतो, पाठ ताठ करतो आणि जो क्षण पाहून तुम्ही थांबलात तो संपलेला असतो. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचा चकाकणारा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकून ठेवत असे, ते उगाच नव्हे.

साक्षीदार

मान्य, वेगळे असते. पण ते कमी दर्जाचे असते, हे मात्र मान्य नाही. माणसाने स्वतःला कसे दाखवावेसे वाटते, केस कोणत्या बाजूला वळवावेसे वाटतात, शेजारी कोणाला बोलावून घ्यावेसे वाटते, हादेखील त्याच्या संस्कृतीचाच भाग आहे. धागाकर्त्यांनी कानच्या संग्रहाविषयी जे लिहिले, त्याचा मी हाच अर्थ घेतला. शिवाय पहिले ताठ चित्र काढून झाले तरी लगेच निघू नये. माणूस ‘झाले’ असे समजून सैल होतो आणि आपल्या कामाला लागतो, तेव्हाचे दुसरे चित्र पुष्कळदा तुम्हाला हवे असलेले असते, आणि तेही संमतीने.

मजकूर

मी एका नियतकालिकात संपादनाचे काम केले आहे, त्यामुळे माझी नजर चित्राखालच्या फोटोओळीकडे आधी जाते. या धाग्यावर अजून तिचे नाव निघालेले नाही, आणि माझ्या मते निम्मा वाद तेथे सुटतो.

डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे स्थलांतरित मजुरांच्या तळावर एका मातेचे जे चित्र काढले, ते मंदीच्या काळाचे प्रतीक झाले. लँगने त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते. कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकल्याची नोंद तिने केली, ती त्या कुटुंबाने पुढे नाकारली. ती स्त्री फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन असल्याचे जगाला १९७८ मध्ये कळले, आणि आपल्या चेहऱ्याचा असा वापर झाल्याबद्दल तिने नाराजीच व्यक्त केली. ती चेरोकी या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या वंशाची होती. चार दशके ते चित्र पाहणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. पुढे हेच पुन्हा घडले. स्टीव्ह मॅकरी याने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची मुलगी नॅशनल जिऑग्राफिकच्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरून जगभर गेली आणि तिचे शरबत गुला हे नाव २००२ मध्ये कळले. तोवर ती केवळ ‘अफगाण मुलगी’ होती. एका माणसाला देशाचे नाव देऊन टाकले, की प्रेक्षक त्या चेहऱ्यात एका व्यक्तीऐवजी सगळा देश वाचू लागतो.

१९५५ मध्ये एडवर्ड स्टायकेन याने न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ६८ देशांतील ५०३ छायाचित्रांचे ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे जे गाजलेले प्रदर्शन भरवले, त्यात जन्म, श्रम, मृत्यू अशा विषयांनुसार चित्रे लावून त्यांच्या जोडीला जगभरची वचने दिली होती. माणूस सगळीकडे सारखाच, हा त्याचा संदेश युद्धानंतरच्या काळात लोकांना भावला. ते प्रदर्शन आज लक्झेंबर्गमधील क्लेर्वो येथील किल्ल्यात कायमचे मांडलेले आहे. पण श्रमाच्या चित्राखाली वचन असले आणि मजुरीचा दर, मालक, वर्ष नसले, तर तो श्रम ऋतूंसारखा नैसर्गिक वाटू लागतो, ही त्यावरची टीका मला आजही रास्त वाटते.

म्हणून कृष्णधवल यांनी चित्रातून काय हवे ते वगळावे. फोटोओळीत मात्र वगळू नये. कोण, काय करत आहे, कुठे आणि केव्हा, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. ‘पारंपरिक वेशातील वृद्ध’ असे लिहिण्यापूर्वी तो वेश रोजचा आहे, सणाचा आहे की पर्यटकांसाठी घातलेला आहे, हे विचारावे. पैसे देऊन उभे केले असेल तर तसे लिहावे. पैसे देणे हा गुन्हा नाही, पण वाचकाला ते कळले पाहिजे.

कृष्णधवल

मजकूर यांची ही तडजोड मला मान्य आहे. चौकटीवरचा हक्क मी सोडणार नाही, पण ओळीत खुर्चीचा उल्लेख करायला माझी हरकत नाही. अडचण व्यवहारातली आहे. नावे, गावे आणि प्रसंग संध्याकाळपर्यंत डोक्यात एकमेकांत मिसळतात, आणि दर चित्रानंतर वही काढली तर समोरचा माणूस चौकशीला आलेल्या सरकारी माणसासारखा माझ्याकडे पाहू लागतो.

मजकूर

वही काढू नका. चित्र काढून झाले की त्या माणसालाच त्याचे नाव तुमच्या फोनमध्ये बोलून नोंदवायला सांगा. उच्चारही बरोबर मिळतो. लिपी येत असेल तर त्याने कागदावर लिहिलेल्या नावाचे लगेच एक चित्र काढा, म्हणजे ते फाइलींच्या क्रमात त्याच्या चित्राच्या पाठोपाठ येते. रात्री ही माहिती फाइलीच्या आयपीटीसी रकान्यांत (चित्राच्या फाइलीतच माहिती साठवण्याच्या ठरावीक जागांत) भरावी, म्हणजे ती चित्रासोबत राहते. एवढेच ध्यानात असू द्यावे, की समाजमाध्यमांवर चित्र चढवताना हे रकाने पुष्कळदा गाळले जातात. तेथे ओळ वेगळी लिहावी, आणि झरोका यांनी सांगितलेल्या चित्रांसारखी चित्रे कोणाला खासगीत पाठवायची झाली, तर फाइलीतली स्थळाची नोंद आधी काढून टाकावी.